घरच्या पॉडकास्टसाठी माइक घेताना: आधी खोली ऐका, मग दुकानात जा

"पॉडकास्ट सुरू करायचाय, पाच हजारांत कोणता माइक घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारते. रेकॉर्डिंग कुठल्या खोलीत करणार? आणि तिथला पंखा बंद करता येतो का? उत्तर मिळालं की माइकची निवड निम्मी झालेली असते. महागडा माइक घेऊनही आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, आणि साध्या माइकवर केलेला कार्यक्रम लोक तासभर ऐकतात. दोन्हींत फरक पडतो तो खोलीचा आणि तोंडापासून माइकच्या अंतराचा. म्हणून हा लेख दुकानाच्या आधी तुमच्या घरातून सुरू होतो.

१. खोली ऐका

जिथे बसून बोलणार त्या जागी, तोंडाच्या उंचीवर मोबाईल ठेवा. ज्या वेळी रेकॉर्डिंग करायचा विचार आहे त्याच वेळी काहीही न बोलता दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि इअरफोन लावून ऐका. रोज कानावर पडून आपल्याला ऐकू येईनासे झालेले आवाज तेव्हा कळतात: पंख्याची घरघर, फ्रिज, शेजारचा मिक्सर, लिफ्टचं दार, कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची हाळी, रस्त्यावरचे हॉर्न.

या आवाजांची दोन गटांत विभागणी करा. पंखा, एसी, फ्रिज यांचा एकसुरी आवाज सॉफ्टवेअरने बराच कमी करता येतो. शिट्टी, हॉर्न, कुत्र्याचं भुंकणं तुमच्या शब्दावर येऊन बसलं की ते वेगळं काढणं फार अवघड. दुसऱ्या गटातले आवाज जास्त असतील तर रेकॉर्डिंगची वेळ बदलायचं आत्ताच ठरवा. गणपतीच्या दिवसांत, लग्नसराईत किंवा पत्र्यावर पाऊस वाजत असताना कुठलाच माइक तुम्हाला वाचवणार नाही. त्या आठवड्यांचे भाग आधीच करून ठेवावेत. फ्रिज बंद करून रेकॉर्ड करणार असाल तर तो परत सुरू करायची चिठ्ठी दाराला लावा.

आता खोलीच्या मध्ये उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागून झणझण ऐकू आली तर खोली घुमते. आपल्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असतात, त्यामुळे हॉल बहुधा घुमतोच. बेडरूम बरी, कारण गादी, उशा, पडदे आणि कपड्यांचं कपाट आवाज पितात. कपाटाचं दार उघडून त्याच्याकडे तोंड करून बोला, पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या किंवा जाड रजई टाका. फरक लगेच ऐकू येतो.

भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो मानू नका. पातळ पुठ्ठा आवाज फारसा शोषत नाही, आणि घरात आगीचा धोका मात्र वाढतो.

२. नेमकं काय करणार ते ठरवा

एकट्याने बोलणार, समोर पाहुणा बसवणार, गेम खेळता खेळता लाइव्ह जाणार, की मोबाईलसमोर उभं राहून व्हिडिओ करणार? चौघांची गरज चार प्रकारची आहे. गेम स्ट्रीम करणाऱ्याच्या माइकजवळ कीबोर्डची खटखट असते. व्हिडिओ करणाऱ्याला माइक चित्रात दिसायला नको असतो. दोघं जण बोलणार असतील तर दोन माइक लागतात. एकच माइक टेबलावर मधोमध ठेवला की दोघांचाही आवाज लांबून आल्यासारखा येतो. हे उत्तर कागदावर लिहून ठेवा. दुकानात गेल्यावर आठवत नाही.

३. डायनॅमिक की कंडेन्सर

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, म्हणून इथे जरा थांबूया.

डायनॅमिक माइकमध्ये आवाजाने थरथरणाऱ्या पातळ पडद्याला तारेचं वेटोळं जोडलेलं असतं आणि ते चुंबकाच्या क्षेत्रात हलतं. लग्नाच्या हॉलमध्ये, कीर्तनात, मंडळाच्या स्टेजवर हातात धरायचे माइक बहुतेक याच जातीचे. शुअर कंपनीचा १९६६ साली आलेला एसएम५८ आजही जगभरच्या स्टेजवर दिसतो, तोही डायनॅमिकच. असा माइक तोंडाजवळ धरला की छान ऐकतो आणि लांबच्या बारीक आवाजांकडे कमी लक्ष देतो.

कंडेन्सरचा पडदा फार पातळ आणि विद्युतभारित असतो. तो बारीकसारीक तपशील टिपतो. शांत, बंदिस्त स्टुडिओत हे वरदान आहे. पण रस्त्यालगतच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये तो तुमच्या आवाजाबरोबर शेजारच्यांच्या मालिकेचं शीर्षकगीतही टिपतो.

खरं सांगायचं तर डायनॅमिक माइकमध्ये आवाज गाळायची काही जादू नाही. तो तोंडाच्या अगदी जवळ वापरला जातो, हेच त्याचं मोठं बळ. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज माइकपर्यंत सुमारे ६ डेसिबल जास्त पोचतो, आणि खोलीचा गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो. कंडेन्सरही असा जवळ घेतला तर सुधारतो. पण लोक तो टेबलावर हातभर लांब ठेवतात, कारण खोक्यावरच्या फोटोत तो तसाच दाखवलेला असतो.

माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडच्या साध्या घरात, खास आवाजरोधक खोली नसताना, पहिला माइक डायनॅमिक घ्या. गाणं रेकॉर्ड करायचं असेल किंवा खोली खरोखरच शांत असेल तरच कंडेन्सरचा विचार करा. परदेशातले समीक्षक गालिचा अंथरलेल्या, फोम लावलेल्या खोलीत बसून कंडेन्सरचं कौतुक करतात. ते खोटं बोलत नाहीत, त्यांची खोली वेगळी आहे. न्यू जर्सीतल्या चुलतभावाने सुचवलेला माइक डोंबिवलीत तसाच वाजेल असं धरून चालू नका.

माइक 'कार्डिऑइड' आहे का, तेही वाचा. म्हणजे तो समोरून ऐकतो आणि पाठीमागून सगळ्यात कमी. पंखा, खिडकी किंवा कीबोर्ड त्याच्या पाठीकडे आणता आला तर गोंगाट फुकटात घटतो.

४. यूएसबी की एक्सएलआर

यूएसबी माइक थेट लॅपटॉपला लागतो. एक्सएलआर माइकला तीन पिनांची गोल केबल असते (साउंडवाले तिला 'कॅनन' म्हणतात) आणि मध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची, माइकचा आवाज लॅपटॉपपर्यंत पोचवणारी पेटी लागते. एकट्याने बोलणाऱ्या नवख्याने यूएसबी घ्यावा. इंटरफेस, केबल, त्यांची जुळवाजुळव हे सगळं वाचतं.

यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही तोंडं असलेले डायनॅमिक माइक मिळतात, आणि माझी पसंती त्यांनाच. आज लॅपटॉपला लावा, उद्या पाहुणे यायला लागले की तोच माइक इंटरफेसला लावा. सॅमसन क्यू२यू, ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर२१००एक्स-यूएसबी, फिफाइनचे के६८८ आणि एएम८, माओनोचा पीडी२००एक्स हे सगळे या प्रकारातले. एक ध्यानात ठेवा: एक्सएलआरने जोडल्यावर माइकवरचा हेडफोनचा जॅक आणि गेनची (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारी) खुंटी चालत नाही. ती कामं तेव्हा इंटरफेसकडे जातात.

दोघांच्या गप्पांसाठी दोन यूएसबी माइक एकाच लॅपटॉपला लावायचा बेत करू नका. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एका वेळी एकाच उपकरणातून रेकॉर्ड करतं, आणि विंडोजवर दोन्ही एकत्र आणायला खटपट करावी लागते. दोघांसाठी दोन माइक-इनपुट असलेला इंटरफेस घ्या: फोकसराइटचा स्कार्लेट २आय२, बेरिंगरचा यूएमसी२०२एचडी किंवा एम-ऑडिओचा एम-ट्रॅक ड्युओ. बेरिंगरच्या स्वस्त यूएम२ आणि यूएमसी२२ वर दोन भोकं दिसतात, पण माइकसाठी त्यातलं एकच आहे, दुसरं गिटारसारख्या वाद्यासाठी. ही चूक फार जणांची होते.

५. खिशाप्रमाणे काय घ्यावं

किमती ढोबळ आहेत, सणासुदीच्या सवलतीत खालीवर होतात.

काहीच खर्च करायचा नसेल तर: मोबाईलबरोबर आलेला वायरचा इअरफोन. त्याचा माइक हनुवटीजवळ, कपड्याला घासणार नाही असा धरा आणि पहिले दोन-तीन भाग असेच करा. ब्लूटूथ इअरबड मात्र नको. त्यांचा माइक चालू झाला की बहुधा जोडणी फोन-कॉलच्या दर्जावर उतरते आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

हजार रुपयांच्या आसपास: कॉलरला लावायचा वायरचा माइक. बोयाचा बीवाय-एम१ वर्षानुवर्षं चालत आलाय, त्याची वायर ६ मीटर आहे. मोबाईलवर व्हिडिओ करणाऱ्यांना हा चांगला. मात्र तो चहूबाजूंनी ऐकतो, म्हणून गोंगाटाच्या खोलीत त्याच्याकडून फार अपेक्षा नको. त्याच्या डबीवर मोबाईल आणि कॅमेरा असं बटण असतं, ते योग्य बाजूला नसेल तर काहीच रेकॉर्ड होत नाही. तुमच्या फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सी अडॅप्टर लागेल, आणि तो माइक चालवणाराच हवा. काही अडॅप्टर फक्त ऐकण्यापुरते असतात.

चार ते सात हजार: यूएसबी डायनॅमिक. ज्यांना नेटाने वर्षभर पॉडकास्ट करायचाय त्यांनी पैसे साठवून थेट इथे यावं. मधल्या दीड-दोन हजारांच्या पट्ट्यात टेबलाला अडकवायचा हात, फोम, जाळी असं सगळं भरलेले कंडेन्सर संच मिळतात. त्यांत वाईट सगळेच नाहीत, पण घुमणाऱ्या खोलीत ते निराश करतात.

बारा-पंधरा हजारांच्या घरात: दोन साधे एक्सएलआर डायनॅमिक, जसे बेरिंगरचे एक्सएम८५००, आणि दोन इनपुटचा इंटरफेस. दोघांच्या कार्यक्रमाला यापेक्षा जास्तीची गरज बरीच वर्षं पडत नाही.

घरात किंवा मंडळाकडे अहुजाचा वायरवाला माइक पडून असेल तर तोही बहुधा डायनॅमिकच असतो. त्याच्या वायरीला पुढे जाड पिन असते, दुकानात तिला पी-३८ म्हणतात. ती छोटा अडॅप्टर लावून थेट लॅपटॉपच्या भोकात खुपसू नका, आवाज बारीक आणि खरखरीत येतो. एक्सएलआर केबल घेऊन इंटरफेसला लावलात तर बोलण्यासाठी तो उत्तम चालतो.

६. सोबत लागणाऱ्या वस्तू

• स्टँड. टेबलाला अडकवायचा हात सगळ्यात सोयीचा. छोटा तिपाई स्टँड चालेल, पण माइक तोंडापर्यंत यायला त्याखाली चार जाड पुस्तकं ठेवावी लागतात.
• माइकवर चढवायचा फोम किंवा पॉप फिल्टर, म्हणजे तोंडातून येणारा हवेचा झोत अडवणारी जाळी.
• वायरचा हेडफोन, कान झाकणारा.
• डेटा जाणारी यूएसबी केबल. फक्त चार्जिंगची केबल लावली की माइकचा दिवा लागतो आणि लॅपटॉपला माइक दिसत नाही.
• मोबाईलवर यूएसबी माइक चालवायचा असल्यास ओटीजी अडॅप्टर (फोनला यूएसबी उपकरण जोडायचा). फोनच्या सेटिंगमध्ये ओटीजी चालू करावं लागतं का, ते पाहा.
• पावसाळ्यासाठी, विशेषतः मुंबई-कोकण-गोव्यात, झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. दमट हवा कंडेन्सरला फार बाधते.

या सगळ्याचे हजार-दीड हजार आधीच बाजूला काढा. सगळे पैसे माइकवर घालवून तो हातात धरून बोलणारे पुष्कळ आहेत, आणि हात हलला की त्याची खडखड रेकॉर्ड होते.

७. विकत घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास अशा वस्तूंची दुकानं आहेत. केबल, स्टँड, पिना तिथून घ्याव्यात, दुकानदार जुळवून देतात. माइक ऑनलाइन घ्यायचा असेल तर विक्रेता कोण आहे, परत करायची मुदत किती, आणि मिळतो तो बदली माल की पैसे, हे तिन्ही वाचून मगच पैसे भरा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. वॉरंटीच्या वेळी तेच मागतात.

फसगत होण्याच्या जागा अशा:

बीएम-८०० या नावाने अगदी स्वस्तात मिळणारे कंडेन्सर. दिसायला स्टुडिओतले, पण त्यांना ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे इंटरफेसमधून केबलवाटे मिळणारी वीज, लागतो. खोक्यातल्या छोट्या पिनेच्या केबलने लॅपटॉपला लावले की आवाज खोल आणि खरखरीत येतो. मग आणखी एक पेटी विकत घ्यावी लागते आणि स्वस्ताई संपते.

'१९२ किलोहर्ट्झ' असं मोठ्या अक्षरात छापलेलं. सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात, त्याचा हा आकडा. बोलण्याच्या रेकॉर्डिंगला ४८ किलोहर्ट्झ पुरेसं असतं. या आकड्यावरून माइक चांगला की वाईट ते कळत नाही.

एकाच मालिकेत शेवटचं अक्षर किंवा आकडा बदलतो आणि यूएसबीचा एक्सएलआर होतो. फोटो सारखाच दिसतो. जोडणी कोणती, ते तपशिलात वाचा.

रंगीत दिवे. स्ट्रीमवर छान दिसतात, हरकत नाही, पण त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

८. माइक लावायची रीत

माइकचं तोंड कुठलं ते आधी बघा. काही माइकमध्ये वरच्या टोकाकडे बोलायचं असतं, काहींमध्ये बाजूने, जिकडे कंपनीचं नाव असतं तिकडून. उलट्या बाजूने बोललं की कितीही गेन वाढवला तरी आवाज दूरच वाटतो.

अंतर चार बोटं ते एक वीत. फार जवळ गेलात तर आवाज जड आणि घोगरा होतो. काहींना तो रेडिओसारखा आवडतो, पण मग प्रत्येक भागात तेच अंतर ठेवावं लागेल.

माइक अगदी नाकासमोर धरू नका. ओठांच्या कोपऱ्याच्या दिशेला, थोडा बाजूला आणि तिरका ठेवा. आपल्या भाषेत ख, घ, थ, ध, फ, भ अशी महाप्राण अक्षरं पावलोपावली येतात, आणि प्रत्येक वेळी तोंडातून हवेचा झोत निघतो. तो थेट पडद्यावर आदळला की 'भप्प' असा दणका रेकॉर्ड होतो आणि नंतर तो काढता येत नाही. माइक तिरका असला की झोत बाजूने निघून जातो. चाचणीसाठी हे वाक्य तीन वेगवेगळ्या कोनांतून म्हणा: "भल्या पहाटे पांडूने फणस फोडला, सासूबाईंनी शिळ्या भाकरीचा कुस्करा केला." पहिल्या अर्ध्या भागात दणके कळतात, दुसऱ्यात स आणि श कानाला टोचतात का ते कळतं. ज्या कोनात दोन्ही शांत वाटतील तिथे स्टँडवर चिकटपट्टीने खूण करून ठेवा.

९. गेन आणि सॉफ्टवेअर

रेकॉर्डिंगच्या आधी माइकच्या जाळीवर नखाने हळूच खरवडा. हेडफोनमध्ये मोठी खरखर आली तर तोच माइक चालू आहे. नाही आली तर लॅपटॉपचा स्वतःचा माइक ऐकतोय. सॉफ्टवेअरमध्ये 'डिफॉल्ट' न ठेवता माइक नावाने निवडा. अर्ध्या तासाची सुंदर मुलाखत लॅपटॉपच्या माइकवर रेकॉर्ड झालेली निघणं यासारखं दुःख नाही.

गेन असा ठेवा की नेहमीच्या बोलण्यात सॉफ्टवेअरमधली आवाजाची पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील आणि जोरात हसलात तरी उणे ६ च्या फार पुढे जाणार नाही. शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. बारीक आवाज मात्र नंतर वाढवता येतो. तेव्हा चुकायचंच तर कमी बाजूला चुका.

संपादनासाठी ऑडॅसिटी मोफत आहे आणि शिकायला सोपी. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसा. त्या शांततेतून गोंगाट कमी करणाऱ्या 'नॉइज रिडक्शन'ला खोलीचा नमुना मिळतो. ते हलक्या हाताने वापरा, जास्त केलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. शेवटी आवाजाची एकूण पातळी जुळवा: ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला एकूण किती मोठं वाटतं त्याच्या मापाच्या) आसपासची आहे. श्रोत्याला तुमच्या भागात येताच फोनचा आवाज वाढवावा लागू नये, एवढ्यासाठीच हे.

लाइव्ह जाणाऱ्यांनी ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये माइकवर आधी नॉइज सप्रेशन (गोंगाट दाबणारं), मग कंप्रेसर (लहान-मोठा आवाज एका पातळीत आणणारा), आणि अगदी शेवटी लिमिटर (ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा) लावावा. क्रम उलटा केला तर कंप्रेसर आधी गोंगाट वर आणतो. आणि स्ट्रीम करताना हेडफोन लावाच. स्पीकर चालू असला की गेमचा आवाज परत माइकमध्ये शिरतो.

१०. गुणगुण ऐकू आली तर

सारखी एकसुरी 'ऊँऽऽ' अशी गुणगुण येत असेल तर माइकला दोष द्यायच्या आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. थांबली तर भानगड विजेची आहे, आणि घरातल्या सॉकेटचं अर्थिंग नीट आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ते माइकपेक्षा तुमच्या जिवासाठी जास्त गरजेचं आहे. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमुळेही कधी कधी भुणभुण येते, रेग्युलेटर पूर्ण वेगावर किंवा पूर्ण बंद करून फरक पडतो का पाहा. माइकची केबल चार्जरच्या वायरीबरोबर गुंडाळून ठेवू नका. यूएसबी हबऐवजी थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा.

ही सगळी तपासणी माइक घरी आल्याच्या पहिल्या दोन दिवसांतच उरका, परत करायची मुदत चालू असताना. एक पूर्ण अर्ध्या तासाचा भाग खरोखरच्या वेळी, खरोखरच्या खोलीत रेकॉर्ड करा. तो हेडफोनवर, मोबाईलच्या स्पीकरवर आणि जमलं तर गाडीत ऐका. मधेच आवाज तुटत असेल, एका कानात येत नसेल किंवा यूएसबीचं तोंड सैल वाटत असेल तर वाट न पाहता बदलून घ्या. तोपर्यंत खोका, थर्मोकोल आणि बिल टाकू नका.